कैरो : जुना कौल आणि नवा कौल

उमराह आटोपून आम्ही जिद्दाहून निघालो आणि रात्री अकराच्या सुमारास कैरोला उतरलो. मक्का-मदिनेतल्या दहा दिवसांची शांती अंगात मुरली होती. टॅक्सीच्या पहिल्या दहा मिनिटांत ती विरून गेली. रस्त्यावर पट्टे तीन आखलेले होते आणि गाड्यांच्या रांगा पाच होत्या. चालकाचा एक हात भोंग्यावर, दुसऱ्या हातात मोबाइल. मध्येच तो मागे वळून आमच्याशी बोलायचा, तेव्हा आम्ही चौघेही एकाच सुरात कलमा पढत होतो. दोन्ही बाजूंना धुळीच्या रंगाच्या इमारती, त्यांच्या उघड्या विटा, गच्चीवर डिश अँटेनांचे जंगल. मध्यरात्र होत आली तरी दुकाने उघडी, मुले रस्त्यावर, चहाच्या टपऱ्यांवर गर्दी.

हॉटेलच्या खोलीत शिरताच अम्मी पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "आपली मुंबई बरी रे. निदान तिथे गाड्या आपल्याला बघून तरी अंगावर येतात."

त्या रात्री आम्ही दोघांनी निकाल देऊन टाकला, की हे शहर आपल्यासाठी नव्हे. सहा दिवसांचे बुकिंग आहे, तर पहिल्या दोन दिवसांत पाहायचे ते पाहून घ्यावे आणि उरलेले दिवस खोलीत आराम करावा.

कैरोला येण्यामागे आमची तीन कारणे होती. पहिले कारण अम्मींचे. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत आणि आम्ही कोकणातले, म्हणजे शाफई. लहानपणी मुंबईला नातेवाइकांकडे गेलो की तिथल्या मशिदीत फजरला कुनूत का पढत नाहीत, असरची अजान इतकी उशिरा का होते, असे प्रश्न आम्ही विचारायचो. तेव्हा अब्बा सांगायचे, "आपण इमाम शाफई (रह.) यांचे मानणारे, ते इमाम अबू हनीफा (रह.) यांचे. दोन्ही बरोबर." त्या इमामसाहेबांची कबर कैरोत आहे आणि एकदा तिथे उभे राहून फातिहा पढायची आहे, ही इच्छा अम्मींनी अब्बांच्या इंतकालानंतर प्रथम बोलून दाखवली होती.

दुसरे कारण आमचा भाचा. तो अल-अझहरमध्ये शिकतो. फोनवर नेहमी म्हणायचा, "मामू, नानीला घेऊन एकदा या."

तिसरे कारण आमची लेक. तिने यंदा इतिहास घेऊन बी.ए. केले आणि आता तिला पुण्याला जाऊन पुरातत्त्व शिकायचे आहे. या विषयाचाही निकाल आम्ही घरी देऊन टाकला होता. पुण्याला दोन वर्षे एकटीने राहायचे नाही, बी.एड. कर, घरून जा-ये करता येईल. ती रडली नाही, भांडली नाही. तिने त्या विषयावर बोलणेच बंद केले. पिरॅमिड दाखवून तिची समजूत काढावी असा आमचा हिशोब होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

रस्ता ओलांडण्याची विद्या

सकाळी भाचा आला. हॉटेलसमोरचा रस्ता ओलांडून मेट्रोचे स्थानक गाठायचे होते. सिग्नल कुठे दिसेना, गाड्यांचा लोंढा थांबेना. भाचा म्हणाला, "मामू, इथे वाट बघत बसलात तर मगरिब होईल. एकाच चालीने चालत राहायचे. थांबायचे नाही, पळायचे नाही. गाडीवाला तुमची चाल बघून आपली गाडी वळवतो."

आम्ही बिस्मिल्लाह म्हणून निघालो. निम्म्या रस्त्यात एक मिनीबस भोंगा वाजवत आली आणि अम्मी जागीच थांबल्या. आम्ही पुढे गेलेलो, त्या मागे राहिलेल्या, दोन्ही बाजूंनी गाड्या. तेवढ्यात पलीकडच्या टपरीवरचा एक तरुण हातातला चहाचा पेला खाली ठेवून धावत आला. त्याने एक हात वर करून गाड्या रोखल्या, दुसऱ्या हाताने अम्मींचे मनगट धरले आणि "यल्ला या हाग्गा, यल्ला" करीत त्यांना पलीकडे आणून सोडले. आम्ही आभार मानेपर्यंत तो परत चहाला जाऊन बसला होता.

मिसरी लोक 'ज'चा उच्चार 'ग' असा करतात, म्हणून हाज्जाची हाग्गा होते. वयस्क स्त्रीला ते आदराने अशीच हाक मारतात. अम्मींना हे कळल्यावर त्या संकोचल्या. "मी अजून हज कुठे केला?" म्हणाल्या. मग मनगटाकडे पाहत हसल्या, "परक्या माणसाचा हात लागला. वुजू गेला. पण जीव राहिला!" शाफई घरांत वाढलेल्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको.

मेट्रोने आमचा दुसरा गैरसमज दूर केला. 1987 साली सुरू झालेली ही आफ्रिका खंडातली पहिली मेट्रो. गाडीत स्त्रियांसाठी वेगळे डबे असतात. अम्मी आणि लेक त्यात चढल्या. चार स्थानकांनंतर उतरल्या तेव्हा लेकीच्या हातात खजुरांची पुडी होती आणि अम्मींची एका बाईशी मैत्री झाली होती. बोलायला दोघींजवळ समाईक शब्द म्हणजे अल्हम्दुलिल्लाह, माशाअल्लाह आणि अमिताभ बच्चन. आम्ही हिंदी, म्हणजे भारतीय, आहोत हे कळले की इथे हे नाव निघतेच.

पिरॅमिड आणि आमचे जुने ज्ञान

पिरॅमिड म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर ओसाड वाळवंट येई. प्रत्यक्षात गीझाची वस्ती अगदी त्यांच्या पायथ्याशी येऊन भिडली आहे. कपडे वाळत घातलेल्या एका गच्चीच्या मागे अचानक तो दगडी त्रिकोण दिसला आणि गाडीतले सगळे गप्प झाले.

खुफूचा मोठा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. मूळ उंची 146 मीटरच्या आसपास. त्यात अंदाजे 23 लाख दगड आहेत आणि खालच्या थरातला एकेक दगड आपल्या कमरेच्या वर येतो. जवळ उभे राहून वर पाहिले की टोक दिसत नाही, नुसता चढत गेलेला दगड दिसतो. वरचे गुळगुळीत पांढऱ्या चुनखडीचे आवरण आता उरलेले नाही. मधल्या शतकांत लोकांनी ते काढून नेले आणि शहरातल्या इमारतींना वापरले. म्हणजे या जुन्या कैरोच्या भिंतींत कुठे ना कुठे पिरॅमिडचा दगड आहे.

तिथे उंटवाले आहेत, हेही सांगायला हवे. आमच्यापैकी एकाने (कोण ते विचारू नका) हौसेने उंटावर बसायचे पैसे ठरवले. उतरायचे पैसे वेगळे आहेत, हे वर बसल्यावर कळले. उंट खाली बसेना आणि मालक बक्षिसाशिवाय त्याला बसवेना. अम्मी खालून ओरडत होत्या, "दे रे बाबा, तुझ्यापेक्षा तो उंट कंटाळलाय." तुम्ही गेलात तर चढायचे, फिरायचे आणि उतरायचे पैसे एकत्र ठरवून घ्या.

सावलीला बसल्यावर आम्ही लेकीला शहाणपण सांगायला लागलो. फिरऔनने बनी इस्राईलच्या पाठीवर कोरडे ओढून हे पिरॅमिड बांधून घेतले, पाहा जुलमाची निशाणी. लहानपणापासून आम्ही असेच ऐकत आलो होतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "अब्बा, तसे नाही. हे पिरॅमिड हजरत मूसा (अ.) यांच्या काळाच्या फार आधीचे. अभ्यासक मधे हजारएक वर्षांचे अंतर धरतात."

मग तिने पलीकडच्या उताराकडे बोट दाखवले. 1990 साली तिथे एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्यातून पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांच्या कबरी सापडल्या. जवळच त्यांची वस्ती आणि भाकरी भाजायच्या भट्ट्या निघाल्या. हाडांवरून दिसले की काम जिवावरचे होते, पाठीचे मणके झिजलेले होते. पण मोडलेली हाडे नीट जुळलेलीही होती, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. राजाच्या कबरीशेजारी त्यांना मानाने दफन केले होते. "गुलामांना असे कोण पुरेल?" ती म्हणाली. "अब्बा, भाकरीची भट्टी सापडली म्हणून ही गोष्ट बदलली. सोने सापडून बदलली नसती."

किती महिन्यांनी ती आमच्याशी इतके बोलली होती! आम्ही काहीच उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच.

काचेपलीकडचे बादशहा

दुसऱ्या दिवशी फुस्तातमधल्या संग्रहालयात गेलो. 3 एप्रिल 2021 रोजी 22 राजा-राण्यांच्या ममी तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून मिरवणुकीने इथे आणल्या गेल्या. त्यांचे दालन तळघरात आहे. उजेड मंद, आत फोटो काढायला मनाई, आणि बाहेर सतत बोलणारे हे शहर तिथे एकदम कुजबुजायला लागते.

रामसेस दुसरा काचेच्या पेटीत निजलेला आहे. 66 वर्षे राज्य केले, नव्वदीच्या आसपास मेला. आपल्याच नावाचे अवाढव्य पुतळे देशभर उभे केले. नाक बाकदार, केस तांबूस, हात छातीवर. अम्मी काचेजवळ गेल्या. "हाच का तो? आपल्या नबींचा फिरऔन?"

लेक म्हणाली, "काही जण याला म्हणतात, काही याच्या मुलाला, मेरनेप्ताहला. कुरआनमध्ये फिरऔनचे नाव दिलेले नाही, दादी. अभ्यासकांचेही एकमत नाही."

फिरऔनचे शरीर मागून येणाऱ्यांसाठी निशाणी म्हणून राखले जाईल हा सूरह यूनुसमधला उल्लेख आमच्या मनात होता. तो हाच, असे ठामपणे म्हणायला मोह होत होता. अम्मी मात्र बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "कुणीही असो. नखे बघ, आपल्यासारखीच आहेत." आणि इन्ना लिल्लाहि म्हणत बाहेर आल्या.

गोंगाटाच्या आत

दोन दिवस संपले होते, म्हणजे आमच्या ठरावाप्रमाणे आता खोलीत आराम करायचा होता. पण तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी अम्मीच तयार होऊन बसल्या. "आज मशिदी," म्हणाल्या.

आधी हजरत अम्र बिन अल-आस (रजि.) यांची मशीद. इसवी सन 642 च्या सुमाराची, आफ्रिकेतली पहिली मशीद. शतकानुशतके इतकी वाढवली आणि पुन्हा बांधली गेली, की त्या पहिल्या बांधकामातले जवळजवळ काहीच उरलेले नाही. पण जागा तीच आणि सजदा तोच. भाच्याने अम्मींना सांगितले, "नानी, इमाम शाफई (रह.) याच मशिदीत दर्स द्यायचे." अम्मींनी तिथे दोन रकात अधिक पढल्या.

मग इब्न तुलूनची मशीद. 879 मध्ये पुरी झालेली. मूळ रूपात टिकलेली कैरोतली ही सर्वांत जुनी मशीद. भाजक्या विटांचे भक्कम खांब, टोकदार कमानी, मध्ये मोठे मोकळे सहन आणि बाहेरून वळणावळणाने जिना चढत गेलेला मिनार. मशिदीच्या तीन बाजूंना, मुख्य भिंत आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये रिकामी जागा सोडलेली आहे. बाजाराचा गलबला नमाजीपर्यंत पोहोचू नये, ही तिची सोय. बाहेर भोंगे, फेरीवाले, मिनीबशींच्या हाका. एक भिंत ओलांडली की आवाज अर्धा, दुसरी ओलांडली की फक्त कबुतरे. साडेअकराशे वर्षांपूर्वीही इथे गोंगाट होता तर! आणि त्या लोकांनी शहराला नावे ठेवली नाहीत, दोन भिंतींमध्ये थोडी जागा सोडली.

सुलतान हसनची मशीद आणि मदरसा पाहताना मान दुखते. 1356 मध्ये काम सुरू झाले. आत मधल्या सहनाच्या चार बाजूंना चार मोठ्या कमानी आणि चार कोपऱ्यांत चार मदरसे आहेत : हनफी, शाफई, मालिकी, हंबली. एकाच छपराखाली चारही मसलकांचे विद्यार्थी शिकत. अब्बांचे "दोन्ही बरोबर" इथे दगडात बांधलेले दिसले. किब्ल्याच्या भिंतीमागे सुलतानाने स्वतःसाठी भव्य मकबरा बांधला. पण 1361 मध्ये त्याचा एक मिनार कोसळून अनेक माणसे मेली, त्यात मकतबमधली अनाथ मुलेही होती. पुढे काही आठवड्यांतच सुलतानाची हत्या झाली. त्याचा मृतदेह सापडलाच नाही. ज्याच्यासाठी तो घुमट बांधला, तो माणूस तिथे नाही. काल पाहिलेला रामसेस काचेत सापडतो, हा इतक्या मोठ्या कबरीतही सापडत नाही. कुणाला कुठे ठेवायचे हे कुणाच्या हाती आहे, ते आम्ही चालता चालता मुकाट्याने समजून घेतले.

दुपारी भाच्याने कोशरी खाऊ घातली. भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोचा आंबट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. आपल्या खिचडीचीच ही दूरची बहीण, असे बरेच लोक मानतात. अम्मींनी पहिला घास घेतला, थांबल्या आणि म्हणाल्या, "खिचडीत शेवया कुणी घातल्या?" पण वाटी पुसून खाल्ली. समोरून एक मुलगा सायकलवर भाकऱ्यांची लांबरुंद फळी डोक्यावर तोलून, एका हाताने हँडल धरून, त्याच भयंकर वाहतुकीतून चालला होता. भाकरीला हे लोक 'एश' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ जगणे. त्याच्या फळीवरची एकही भाकरी पडली नाही. आम्ही तो दिसेनासा होईपर्यंत बघत होतो. पहिल्या रात्री हाच रस्ता आम्हाला नुसता गोंधळ वाटला होता.

घुमटावरचे गलबत

चौथ्या दिवशी इमामसाहेबांकडे गेलो. शहराच्या दक्षिणेला कराफा नावाचे विस्तीर्ण कब्रस्तान आहे. कबरींभोवती खोल्या, त्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे, दोरीवर कपडे, दारात खेळणारी पोरे. अम्मींना भीती वाटेल असे आम्हाला वाटले होते. त्या म्हणाल्या, "जिवंत माणसे सोबत आहेत, म्हणजे मेलेल्यांना फातिहा तरी मिळत असेल."

मकबऱ्याचा घुमट दुरूनच दिसतो. लाकडी, वर शिशाचे पत्रे. अय्यूबी सुलतान अल-कामिलने तो 1211 मध्ये बांधला. त्याच्या टोकाला चंद्रकोरीसोबत चक्क एक धातूची होडी आहे. पाखरांना दाणे ठेवायला ती बसवली असे लोक सांगतात, आणि ती इमामसाहेबांच्या इल्मच्या समुद्राची खूण आहे असेही सांगतात. आम्ही खाडीकाठची माणसे. अम्मी मान वर करून म्हणाल्या, "गलबत! आपल्यासाठीच ठेवलंय बघा." अरबस्तानातून समुद्रावरून हा मसलक आमच्या किनाऱ्याला लागला, असे घरी ऐकत आलो होतो. तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

आत कबरीवर कोरीव लाकडी पेटी आहे. ती सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीने 1178 च्या सुमारास करवून घेतली. घडवणाऱ्या सुताराने आपले नावही त्यावर कोरले आहे. घुमटाची डागडुजी होऊन तो 2021 मध्ये पुन्हा खुला झाला, त्यामुळे रंग उजळलेले होते. भाचा सांगत होता, की अडीअडचणीत सापडलेले लोक इमामसाहेबांच्या नावाने चिठ्ठ्या लिहून इथे टाकत आले आहेत. अम्मींनी मान हलवली. "माणसे अडचणीत काहीही करतात, त्यांना नावे ठेवू नका. पण मागायचे तर त्याच्याकडेच मागावे, ज्याच्याकडे इमामसाहेबही मागत होते." मग त्यांनी फातिहा पढली, दुआ केली आणि बाजूला भिंतीशी बसल्या. डोळ्यांतून पाणी येत होते, पण चेहरा शांत होता.

भाचा आमच्याजवळ बसून हळू आवाजात इमामसाहेबांची हकिकत सांगू लागला. जन्म हिजरी 150, म्हणजे इसवी सन 767, गझा शहरात. वडील लवकर वारले. आईने दोन वर्षांच्या मुलाला मक्केला आणले. घरात इतकी गरिबी, की कागदाला पैसे नसत. हाडांवर लिहून ते धडे पाठ करीत. पुढे मदिनेला इमाम मालिक (रह.) यांच्याकडे शिकायला गेले, मग इराक, यमन, बगदाद. शेवटची पाचएक वर्षे मिसरमध्ये. हिजरी 204, म्हणजे 820 मध्ये इथेच वफात झाली.

"आणि मामू," भाचा म्हणाला, "इराकमध्ये त्यांनी जी मते दिली त्यांना 'कौले कदीम' म्हणतात, जुना कौल. मिसरला आल्यावर त्यांनी पुष्कळ मते बदलली. इथे नवे आलिम भेटले, नव्या हदीसा आणि दलीला समोर आल्या. आपली 'रिसाला' त्यांनी इथे पुन्हा लिहिली. तो 'कौले जदीद', नवा कौल. काही मोजके मसले सोडले, तर आपण शाफई लोक आज त्या नव्या कौलावरच चालतो."

आपल्या मराठीतला जनतेचा कौल म्हणतात तो शब्द याच अरबी कौलवरून आलेला. आम्ही आयुष्यभर स्वतःला शाफई म्हणवून घेतले; फजरला कुनूत पढली, असर वेळेत पढली. पण ज्यांचे नाव घेतो त्या इमामांनी, सगळी दुनिया त्यांचा शब्द मानत असताना, नवे कळल्यावर जुना शब्द मागे घेतला, हे आम्ही कधी मनावर घेतलेच नव्हते.

लेकीने विचारले, "इथल्या कोणत्या आलिमांकडून त्यांनी ऐकले?"

भाच्याने उत्तरेकडे हात केला. "पलीकडे सय्यदा नफीसा (रह.) यांची मशीद आहे. हजरत हसन (रजि.) यांच्या वंशातल्या. इमाम शाफई (रह.) त्यांच्याकडे जात, पडद्याआडून हदीस ऐकत, दुआ मागत. चरित्रकार लिहितात, की इमामसाहेबांचा जनाजा त्यांच्या दारावरून नेला आणि त्यांनी घरातच नमाज पढली."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. भिंतीशी बसलेल्या अम्मी मात्र ऐकत होत्या. त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "त्या बाईने पोराला छातीशी धरून घरी ठेवले असते, तर आज आपण कुणाच्या मागे नमाज पढलो असतो? नवरा नाही, पैसा नाही. तरी पाठवले. मदिना काय जवळ होती?"

थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "पुणे पाच-सहा तासांवर आहे."

बस्स एवढेच. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. बाहेर अजान झाली, त्यांनी वुजू केला आणि आम्ही असर पढलो.

शेवटची संध्याकाळ

उरलेल्या दोन दिवसांत एक तासही आम्ही आराम केला नाही. अल-मुइज्ज रस्त्यावर चाललो, खान अल-खलीलीत घासाघीस केली, अल-अझहरच्या संगमरवरी सहनात बसलो. 972 मध्ये पुऱ्या झालेल्या त्या मशिदीत आजही मुले उस्तादांपुढे गोल करून बसतात. 1961 च्या कायद्यानंतर अल-अझहर विद्यापीठात मुलींसाठीही महाविद्यालय निघाले, हे भाच्याने जाता जाता सांगितले. ते त्याने मुद्दाम सांगितले की सहज, हे आम्ही विचारले नाही.

शेवटच्या संध्याकाळी नाईलच्या काठी गेलो. शिडाच्या होड्या परतत होत्या, पुलावर घरेच्या घरे हवा खायला आलेली, भुईमूग आणि भाजलेली कणसे विकणारे ओरडत होते. भोंगे तेच होते. शहर एवढ्यात सुधारले असे म्हणायचे नाही. धूळ आहे, धूर आहे, उंटवालाही आपल्या जागी असणारच. पण सहा दिवसांत आम्ही रस्त्यात अडकलो तेव्हा एकदाही असे झाले नाही, की कुणी हातातला पेला खाली ठेवून आला नाही. पहिल्या रात्री टॅक्सीच्या काचेतून दिला तो आमचा जुना कौल. तो आम्ही मागे घेतला.

हॉटेलला परतताना पुन्हा तोच रस्ता ओलांडायचा होता. भाचा निरोप घेऊन गेला होता. आम्ही काठावर घुटमळलो. लेकीने अम्मींचा हात धरला आणि निघाली. तिची चाल एकसारखी होती, ती थांबली नाही, पळाली नाही. गाड्या तिच्या दोन्ही बाजूंनी वळून जात होत्या. आम्ही दोघे तिच्या मागोमाग, तिच्या पावलावर पाऊल टाकत पलीकडे पोहोचलो.

"या वेळी वुजूही राहिला," अम्मी म्हणाल्या.

विमानात बसल्यावर, पट्टे बांधून झाल्यावर, आम्ही लेकीला विचारले, "त्या पुण्याच्या अर्जाची मुदत कधी संपते?"

तिने खिडकीतून बाहेर पाहत, क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "अजून अकरा दिवस आहेत, अब्बा."